चार नंबरची खोली

दुपारी सव्वातीनला शीतगृहात अमोनियाची नळी फुटली. थोड्याच वेळात सगळी माणसं फाटकाबाहेर होती.

एक सोडून.

तो एक म्हणजे माझे भावजी, थोरल्या ताईचे यजमान. तिथे यंत्रांवर मिस्त्री आहेत. भूत म्हटलं की आधी हसणारा माणूस. म्हणूनच त्यांच्या तोंडून ऐकलेलं तिखटमीठ न लावता लिहितोय. पटलं तर घ्या.

मुख्य झडप बंद करणं त्यांचं काम. ती अगदी टोकाला, सहा नंबरच्या खोलीपलीकडे. ती बंद करून, ओला टॉवेल नाकाला बांधून ते परत निघाले.

तिथली एक रीत आहे. जाड दारांतून हाक आत जात नाही. म्हणून दारावरून जाताना मुठीने दोनदा ठोकायचं. आतून उत्तर आलं, तर ते दार सोडून जायचं नाही. काही झालं तरी.

सहा नंबर. शांत.

पाच नंबर. शांत.

चार नंबर...

ठक. ठक.

आतून.

भावजी थबकले. दाराला बाहेरून कुलूप होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, घसा सोलल्यासारखा झाला होता. त्यांनी तीनदा ठोकलं.

ठक. ठक. ठक.

उत्तरही तीनच. आवाज खालून येत होता. गुडघ्याच्याही खालून. कुणीतरी दाराला टेकून बसलं असावं, असा.

त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "साहेब, चारमध्ये माणूस आहे!"

फाटकावर सुपरवायझर होता. आवाजामुळे सगळे त्याला तोफ म्हणत. "मिस्त्री, सगळे इथे आहेत. बाहेर या!"

"परत मोजा."

"दोनदा मोजलं. डोकी मोजलीत, भोपळे नाहीत! चार नंबर आठवडाभर रिकामी आहे. कुलूप मी स्वतः लावलंय."

"मग ठोकतंय कोण?"



"मिस्त्री," तोफेचा आवाज एकदम खाली आला, "ताई इथे फाटकावर आल्यात. त्यांना काय सांगू?"

भावजींच्या जुडग्यात चारची किल्ली होती. ती त्यांनी कुलपात घातली.  दार उघडायला दोन मिनिटं, माणूस ओढून काढायला आणखी दोन. तेवढा श्वास छातीत उरला नव्हता.

आणि आत माणूस असेल तर?

त्यांनी पुन्हा ठोकलं नाही. नुसते उभे राहिले.

तरी आवाज आला...

ठक.

एकच. दमलेला.

त्यानंतर काहीच नाही.

भावजी पळाले. किल्ली कुलपातच राहिली. तीन, दोन, एक, कुठल्याच दारावर त्यांनी ठोकलं नाही. फाटकाशी येऊन कोसळले. ताईने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा पहिला शब्द निघाला तो "चार".

तासाभराने अग्निशमनचे लोक मुखवटे घालून आत गेले. किल्ली फिरवली, दार उघडलं.

खोली रिकामी होती. माल नाही, माणूस नाही. जमिनीवर पांढरं दव गोठलेलं. त्यावर पाऊल नाही.

फक्त दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीलगत, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा दवाचा एक पट्टा वितळला होता. त्यांच्या प्रमुखाने हातमोजा काढून तिथे हात लावला. आणि झटकन मागे घेतला.

"कोमट आहे," एवढंच म्हणाला.

त्या दारातून किंवा शेजारच्या भिंतीतून कुठलीही नळी जात नाही. गावातून कुणी बेपत्ता नाही. पोलिसांनीही विचारून पाहिलं.

ताई भावजींना समजावून थकली. "अहो, आत कुणी नव्हतंच ना? मग कशाला जीव जाळताय?"

"कुणी नव्हतं, हे दार उघडल्यावर कळलं," भावजी म्हणाले. "मी पळालो तेव्हा होतं."

 

सोमवारपासून कामावर या, असा निरोप आहे. भावजींनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

काल तोफ घरी येऊन गेला. पहिल्यांदाच हळू बोलत होता. यंत्रं आठ दिवसांपासून पुन्हा चालू आहेत. चार नंबरच्या भिंती, छत, जमीन, सगळीकडे बर्फ धरलाय.

दाराच्या आतल्या बाजूची तेवढी जागा अजून कोरडी आहे.