ताओंचा झोपलेला हंस

पांगचं पत्र वसंतापासून ताओ जिंगरूंच्या मेजावर पडून होतं. सरोवरापलीकडच्या त्या जुन्या मित्राने एवढंच मागितलं होतं: ‘बोटं आखडत चालली आहेत. पुरती आखडण्याआधी तुझा जेडचा हंस एकदा हातात घेऊ दे.’

ताओंनी उत्तर दिलं नाही. पांगने हाताळलेला जेडचा दगड जास्त झळाळतो, असं सगळं सुचौ शहर म्हणे. आपला हंस त्याच्या हातात खुलला तर?

शेवटी पांग स्वतःच आला. त्याला चहा मिळाला, हंस दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पेटीतून हंस नाहीसा झाला.

“पांगनेच नेला,” ताओ खाली बघत म्हणाले. “उद्या संग्राहकांच्या बैठकीत त्याचं नाव घेणार आहे. माझं चुकतही असेल.”

“म्हणून मला बोलावलंत?” खाजगी गुप्तहेर ब्येन रुईने विचारलं.

“चुकत असेल तर थांबवा.”

पेटी शाबूत होती. हाडाच्या बारीक खिट्या पुन्हा नीट अडकवलेल्या.

ब्येनचा सोबती हू फळीपाशी रेंगाळला होता. “हा मासाही जेडचाच? बघू.” त्याने हात पसरला. ताओंनी मासा त्याला न देता मेजावरच्या मऊ कापडावर ठेवला.

“माझे हात मळके आहेत का?”

“जेड हातातून हातात देत नाहीत. निसटलं तर दोष कुणाचा? एकाने ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं.”

ताओंचा पुतण्या सोंगआन जुन्या वस्तू विकायचा. दुकानात गाठल्यावर त्याला हसू आवरेना. “मी चोरली असती तर पेटीसकट. मूळ पेटीशिवाय निम्मी किंमत येते. काकांना सांगा, पुतण्या लबाड आहे, बावळट नाही.”

सरोवरापलीकडे पांग आपल्या घरी दोन्ही तळव्यांत पेला दाबून चहा पीत होता. “ताओने बोलावलंय?”

“चोर म्हणायला,” हू म्हणाला.

“निदान आठवण तरी काढली.”

ताओंच्या घरी परतल्यावर उरल्या त्यांच्या पत्नी श्यूझेनवहिनी. “त्या दगडाला मी आजवर बोट लावलेलं नाही,” त्या फणकारल्या. “दुपारच्या झोपेपुरता पेटीत असतो. एरवी यांच्या छातीशी. जेवतानासुद्धा.”

ब्येनने मासा उचलून त्यांच्यापुढे धरला. “वहिनी, जरा धरता?”

वहिनींनी हात मागे घेतला आणि कापडावर बोट टेकवलं. “इथे ठेवा.”

ब्येनने मासा ठेवला. “सोंगआनने पेटी सोडली नसती. पांगची बोटं पेलाही धरू शकत नाहीत, त्या खिट्या कुठून काढणार? हूने नवख्यासारखा हात पसरला. तुमचा मागे गेला, वहिनी.”

“या घरात इतकी वर्षं बघत्येय मी.”

“बघून रीत डोक्याला कळते. हाताला तिची सवय जेड उचलूनच लागते. ताओ झोपले की तुम्ही हंस काढत होतात. या खेपेला परत ठेवला नाहीत.”

वहिनींनी अस्तनीतून हंस काढून कापडावर ठेवला. मान मागे वळवून तो झोपला होता, लोण्यासारखा तुकतुकीत.

“यात असं काय आहे, जे माझ्यात नाही, ते बघत होते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “थंडीत याला ऊब देता. माझे हात गार आहेत का, कधी विचारलंत?”

ताओ हंसावर वाकले. “ही झळाळी... मला वाटायचं, माझीच.”

“अर्धी माझी,” वहिनी म्हणाल्या.

ताओंनी हंस उचलला नाही. बायकोचे हात हातांत घेतले. ते खरंच गार होते.

मग त्यांनी कागद ओढला. ‘पांग, ये. हंस श्यूझेन ठेवेल, तू उचल. बोटं वळली नाहीत तर तळव्यांत घे.’

पत्र दोघांनी मिळून टपालपेटीत टाकलं.