रंगाचा दुसरा हात

ठाण्यात ऑफिसजवळ, खोपटच्या एसटी डेपोशेजारच्या रंगाच्या दुकानात समिधा मघापासून नुसतीच उभी होती. दुकानदाराचा प्रश्न साधाच होता.

“मॅडम, किती लिटर?”

“एक खोली आहे.”

“ते कळलं हो. पण खोली केवढी?”

आता काय सांगणार? बाबांची खोली... भिंतीपलीकडून येणाऱ्या खोकल्याएवढी. लांबी-रुंदी कुणी बघितली होती!

शेजारी एकजण काउंटरवर डबा ठेवून हुज्जत घालत होता. “अरे, पण सीलसुद्धा तोडलेलं नाही!”

“मशीनवर बनवलेला शेड परत नाही घेत, साहेब.”

तो वैतागून वळला आणि थेट तिलाच म्हणाला, “तुम्हाला हवाय का? चार लिटर. पिवळा... म्हणजे अगदी पिवळा नाही. पिकायला आलेल्या पेरूसारखा.”

समिधाला हसू फुटलं. स्वतःचं हसणं तिला जरा अनोळखीच वाटलं.

त्याचं नाव दिपेश. चेंदणी कोळीवाड्यात राहायचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. “लग्न ठरलेलं,” डब्याच्या झाकणाकडे बघत तो म्हणाला. “खोली रंगवायला काढलेली. मग... मोडलं.”

तिने डबा उचलून बघितला. “मला पुरेल का हा?” तिने विचारलं.

“मोजून सांगा. हिशोब मी करतो.”

फोन नंबर दिले-घेतले गेले ते असे, रंगाच्या निमित्ताने.

डोंबिवलीच्या घरी परतल्यावर तिने बाबांच्या खोलीचं दार उघडलं. बाबा वारल्यापासून ते दार बंदच होतं. भाऊ मेलबर्नला. “ताई, विकून टाक ना फ्लॅट,” हे त्याचं दर रविवारचं पालुपद. तिला विकायचा नव्हता. खोली रंगवून एखाद्या नोकरदार मुलीला द्यायची, म्हणजे घरात निदान कुणाच्या तरी बांगड्या वाजतील, नळ सुटेल, कुणी विचारेल, “चहा घेणार का?”

टेपचं टोक भिंतीला लावून ती दुसरीकडे गेली की टोक निसटायचं आणि पट्टी सर्रकन परत यायची. दोनदा, तीनदा. शेवटी ती बाबांच्या पलंगावर बसली आणि तिने फोन लावला.

“पलीकडून धरायला कोणी नाही,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला त्या वाक्याचीच लाज वाटली.

तो हळूच म्हणाला, “टोकावर काहीतरी जड ठेवा. घरात जड काय आहे?”

तिने वरवंटा आणून ठेवला.

खोली निघाली दहा बाय बारा. “चारही भिंतींची लांबी मिळवायची, उंचीने गुणायचं,” तो सांगत होता. “त्यातून दार आणि खिडकी वजा. खिडकी मोठी आहे?”

“मोठी आहे. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं.”

“मग तर रंग छान दिसेल...”

“हिशोब सांगा ना!”

“सांगतो की! घाई आहे?”

घाई कसली? गप्पा बऱ्याच लांबल्या. “चार लिटरमध्ये होऊन जाईल, रविवारी मीच येऊन लावून देतो,” असं तो शेवटी म्हणाला. तिने फोन ठेवला तेव्हा घर आधीपेक्षाही जास्त शांत झालं.

रविवारी तो डबा आणि रोलर घेऊन हजर. “आमची होडी आम्हीच रंगवतो, भिंत काय चीज आहे!” शेजारच्या मंदाकिनीकाकू लक्ष ठेवायला म्हणून हॉलमध्ये खुर्ची टाकून बसल्या आणि थोड्याच वेळात त्याला सुकटीची चटणी कशी करतात ते विचारू लागल्या.

संध्याकाळपर्यंत चारही भिंती पिवळ्या झाल्या, पण जुना हिरवा आतून डोकावतच होता. डब्याच्या तळाशी थोडासाच रंग उरलेला.

“दुसरा हात द्यावा लागेल,” दिपेश तिच्याकडे न बघता म्हणाला.

“तुम्ही तर होऊन जाईल म्हणालात.”

“एकाच हाताचा हिशोब सांगितला. दोन हातांना सहा लिटर लागतात.”

“माहीत असून?”

“सहा सांगितले असते तर तुम्ही दुकानातून नवाच रंग घेतला असता. मग मी... कशाला आलो असतो?”

तिच्या गालांवर ऊन चढलं. आणि त्याच क्षणी नको तो प्रश्न तोंडून गेला. “हा रंग तिनेच निवडलेला ना?”

“हो. मेघालीने.”

“म्हणजे तुमच्या घरात नको झालेलं ते माझ्या बाबांच्या भिंतीवर.”

दिपेशने रोलर धुतला, काकूंना नमस्कार केला आणि तो गेला.

नंतरचे दिवस तिने त्या ओल्या वासात काढले. समोरच्या गॅलऱ्यांत दिवाळीचे कंदील लागले. खोली बघायला येणाऱ्या मुलीचा फोन आला. “अजून तयार नाही,” समिधाने सांगितलं. तिला कळून चुकलं होतं, की तिला भाडेकरू नको होती. ती दिपेशची वाट बघत होती आणि फोन वाजला की दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर ती घरी न जाता कोळीवाड्यात शिरली. विचारत विचारत त्याच्या दारात पोचली. दिपेश ओट्यावर बसला होता. तिला बघून उभा राहिला... आणि तसाच राहिला.

“मी फार तोडून बोलले,” ती म्हणाली.

“नाही. तुमचं बरोबर होतं. मी आधी सांगायला पाहिजे होतं.” तो म्हणाला. “त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात ना, पलीकडून धरायला कोणी नाही... त्यानंतर झोपच लागली नाही मला. आमच्या घरात सगळी आहेत, तरी मला तसंच वाटायचं. बोलायला जमलं नव्हतं, एवढंच.”

“वरचा हात दुसऱ्या रंगाचा देऊ या,” ती म्हणाली. “आपण निवडू. तू येशील?”

‘तू’ ऐकून तो हसला. “येईन. कायमचाच आलो तर?”

ती उत्तर देणार, तेवढ्यात आतून त्याच्या आईने, आवडाबाईंनी, हाक मारली. “कोन आयलंय रं?”

दिपेशने तिच्याकडे बघितलं.

“मी समिधा, आई,” तिनेच दारातून सांगितलं.

“मग भायेर का उभी? आत ये. भाकऱ्या गरम हायेत.”

तिने चपला काढल्या, आणि ती आत गेली.