अडलेलं इंजिन आणि अठ्ठेचाळीस पेट्या

"अजून जोर लाव! अजून!"

"लावतोय की! आता इंजिनाऐवजी माझाच खांदा निखळेल!"

भोंगा लांब दांड्याच्या पान्याला अक्षरशः लोंबकळला. तो पाना ट्रकच्या तोंडाशी, इंजिनाच्या पुढच्या मोठ्या बोल्टला लावलेला होता. काल याच पान्याने त्याने एका हाताने इंजिन फिरवलं होतं. आज मात्र ते तसूभरही हलेना.

"उतर खाली," शंकाताई म्हणाली. ती त्याची तेरा वर्षांची बहीण. उत्तर मिळालं की त्यावर लगेच पुढचा प्रश्न तयार, म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. भोंग्याच्या नावाचं कारण त्याने तोंड उघडलं की कळायचं. दोघं सुट्टीसाठी मामाच्या गॅरेजात आली होती आणि मामाची मुलगी वायसर त्यांच्या जोडीला होती. लहानपणी तिने बोटात वायसर, म्हणजे नटाखालची भोकाची चकती, अडकवून घेतला होता आणि तो करवतीने कापावा लागला होता. तेव्हापासून ती वायसर!

ट्रक होता मधवाल्या मावशींचा. वयाने भोंगा आणि शंकाताई या दोघांच्या बेरजेहून मोठा. त्यातून मावशी आपल्या मधमाश्यांच्या अठ्ठेचाळीस पेट्या या बागेतून त्या बागेत हलवत. उद्या उजाडताच आजूबाजूच्या सगळ्या बागांमध्ये औषधफवारणी सुरू होणार होती. त्याआधी पेट्या हलल्या नाहीत, तर माश्या मरणार होत्या. सगळ्याच्या सगळ्या! दुसरा एकही ट्रकवाला माश्या न्यायला तयार नव्हता. मावशी सकाळपासून तीनदा येऊन गेल्या होत्या. इंजिनाकडे बघून परत जायच्या.

आणि मामा नेमका इंजिनाच्या तळाचं चेंबर बसवायला लागणारं पॅकिंग आणायला लांबच्या दुकानात गेला होता. मागे होते त्याचे जोडीदार मिस्त्री, चालेलकाका. काहीही विचारा, उत्तर एकच, "चालेल!"

"नवीन बेअरिंग घातल्या ना, म्हणून घट्ट झालंय," चालेलकाका हात पुसत म्हणाले. "पलीकडून ट्रॅक्टर आणतो. गिअर टाकून ट्रक दहा पावलं ओढला की आपोआप मोकळं होईल."

"आणि नाही झालं तर?" शंकाताईने विचारलं.

"होतं गं! आयुष्य गेलं माझं यात."

काका निघून गेले. वायसरचा चेहरा पडला होता. "बाबा असं कधीच करत नाहीत! जाम इंजिन ओढलं तर आतला दांडा वाकतो. मग ते भंगारातच जातं."

"मग जाम का झालंय ते आपणच शोधू," शंकाताई म्हणाली. "काका यायला किती वेळ लागेल?"

"ट्रॅक्टरवाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. अर्धा तास!"

ट्रक गॅरेजच्या खड्ड्यावर उभा होता, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. मुली खड्ड्यात उतरल्या. वर चेंबर काढलेलं इंजिन उघडं पडलं होतं. वायसरने विजेरी मारली आणि बोट दाखवलं. "हे चार रॉड. प्रत्येक रॉड खालून या दांड्याला मिठी मारतो. मिठीचा वरचा अर्धा भाग रॉडचाच, खालचा अर्धा म्हणजे ही टोपी. दोन नटांनी आवळायची. आणि प्रत्येक टोपी आपल्याच रॉडला नीट बसते."

"एकेक टोपी सैल करत जाऊ. जिच्यापाशी इंजिन सुटेल, तिथेच घोळ!"

वायसरने पहिल्या टोपीचे नट ढिले केले. "फिरव!"

"नाही हलत!" भोंगा वरून ओरडला.

"हळू बोल! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल!"

"हळूच बोलतोय!" भोंगा आणखी मोठ्याने म्हणाला.

दुसरी टोपी. नाही! तिसरी. तरीही नाही! वायसरच्या कपाळावरून घाम आणि काळं तेल एकत्र ओघळत होतं. चौथीचे नट ढिले झाले आणि वर पाना गरकन फिरला. भोंगा धपकन जमिनीवर बसला.

"सुटलं! आई गं, सुटलं!"

"चौथी!" शंकाताईने विजेरी जवळ नेली. रॉडच्या कडेला एक आकडा ठोकलेला होता. टोपीवरही तोच. "दोन आणि दोन. जुळतंय की. पण चौथ्या रॉडवर दोन कसा?"

वायसरने आकड्यावरचं तेल बोटाने पुसलं. "हा रॉड दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा आहे! बाबांनी पूर्वी बदलला होता. त्या इंजिनात तो दुसरा असणार."

"मग आपल्या इंजिनातल्या दुसऱ्या रॉडवर कुठला आकडा आहे?"

दोघींनी एकदमच विजेरी तिकडे वळवली. तिथेही दोन!

"टोप्यांची अदलाबदल झालीय," शंकाताई पुटपुटली. "आकडा बघून बसवल्या, पण आकडा दोघींवर सारखाच!"

"बाबा काढलेला प्रत्येक भाग गोणपाटावर ओळीने मांडतात. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियमच आहे. मग ओळ कुणी..." वायसर थांबली. कोपऱ्यात डिझेलचं घमेलं पडलं होतं. सकाळी चालेलकाकांनी वेळ वाचावा म्हणून चारही टोप्या त्यात एकदम टाकून धुतल्या होत्या! तिघांनीही ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फटफट ऐकू आली. ट्रॅक्टर!

"अरे देवा, इतक्यात?" वायसर म्हणाली. "अजून नक्की कुठे कळलंय? काका ऐकणार नाहीत!"

"भोंग्या, काहीतरी कर!"

भोंग्याने इकडेतिकडे पाहिलं. ओढायची साखळी दाराशी पडली होती. तिच्या टोकाला आडवी सरकवायची जाड खीळ होती. ती नसेल तर साखळी कशालाच अडकत नाही. त्याने ती उपसली, एका डब्यावर ठेवली आणि तिच्यावर बसून टाकलं. खाली शंकाताई चौथ्या रॉड-टोपीच्या सांध्यावरून पुन्हा पुन्हा नख फिरवत होती.

"चला, लावा साखळी!" चालेलकाका आत आले. पाठोपाठ मधवाल्या मावशीही होत्या. बाहेर उन्हं कलली होती आणि त्यांची नजर सारखी तिकडे जात होती. "खीळ कुठे गेली? आत्ता तर इथे होती!"

काकांनी साखळी उलटीपालटी केली, बाकाखाली वाकून पाहिलं. भोंगा जन्मात पहिल्यांदाच गप्प होता आणि त्याचा चेहरा हळूहळू वाकडा होत चालला होता.

"काका, आधी खाली या!" खड्ड्यातून शंकाताईचा आवाज आला. "फक्त नख फिरवून बघा. मग हवं ते करा."

"पोरींनो, नट कुणी सोडले? वेळ काय, तुम्ही खेळताय काय!"

"बघा की," मावशी हळूच म्हणाल्या. "माझं सगळं त्यात आहे. एक नख फिरवून बघायला काय जातं?"

कुरकुरत काका खड्ड्यात उतरले. वायसरने चौथी टोपी हाताने वर दाबून धरली. रॉड आणि टोपी जिथे भेटत होते, त्या रेघेवरून काकांनी नख ओढलं. नख अडकलं. केसाएवढी पायरी होती, डोळ्यांना न दिसणारी. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा अडकलं.

"आता दुसरीची टोपी इथे लावा," शंकाताई म्हणाली. हे चुकलं तर सगळंच संपलं!

काकांनी आतल्या बेअरिंग जागच्या जागी ठेवून टोप्या बदलल्या. नख ओढलं. ते काचेवरून जावं तसं सरळ गेलं.

काकांनी दोन्ही टोप्यांवरचे आकडे निरखून पाहिले.

"मीच धुतल्या सगळ्या एकत्र," काका शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "ट्रक ओढला असता, तर इंजिन गेलं असतं. ताई, माफ करा मला."

"माफी नंतर मागा," मावशी म्हणाल्या. "आधी आवळा!"

काकांनी एकेक टोपी आवळली. प्रत्येक वेळी भोंग्याने पाना फिरवून बघितला आणि प्रत्येक वेळी इंजिन फिरलं. खीळही त्याने न मागता परत केली, बूड चोळत चोळत. मामा पॅकिंग घेऊन धापा टाकत आला, तेव्हा चौथी टोपी आवळून होत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. आधी तो मुलींवर भडकला. "मोठं माणूस नसताना खड्ड्यात उतरलात? पुन्हा असं करायचं नाही!" मग काकांवर. आणि शेवटी स्वतःच खाली बसला.

"चूक माझीही आहे. दोन रॉडांवर एकच आकडा आहे, हे मी डोक्यात ठेवलं, लोखंडावर लिहिलं नाही." त्याने खिळा आणि हातोडी काढून वायसरच्या हातात दिली. "चौथ्या रॉडवर एक ठिपका, टोपीवर एक ठिपका. तूच ठोक. आणि शंकाताई, मी तीस वर्षं हे काम करतोय. नखाने पायरी शोधायला मला दोन वर्षं लागली होती!"

शंकाताईचे कान लाल झाले. पुढचा प्रश्न विचारायचं त्या दिवशी ती पहिल्यांदाच विसरली.

चेंबर बसलं, तेल भरलं, मावशींनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. अंधार पडता पडता माश्या घरी परतल्या, पेट्यांची दारं जाळीने बंद झाली आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पेट्या ट्रकवर चढून रातोरात डोंगरावर निघाल्या.

सकाळी मामाने मुलांना डोंगरावरच्या माळावर नेलं. चालेलकाकाही बरोबर आले. मागे, दूर खालच्या बागांवर फवारणीचा पांढरा धूर तरंगत होता. मावशी पेटीमागून पेटीची जाळी काढत चालल्या होत्या. सगळे श्वास रोखून बघत होते. एक माशी बाहेर आली, फळीवर घुटमळली आणि उडाली. मग दुसरी. मग इतक्या, की मोजायची सोयच राहिली नाही.

शेवटची जाळी काढून मावशी गवतावर बसल्या. कालपासून कोरडे राहिलेले त्यांचे डोळे आता वाहू लागले. त्यांनी तिघांनाही एकदम जवळ ओढलं.

"सगळ्या आहेत रे," त्या म्हणाल्या. "एकूणएक सगळ्या!"