उपासाला चालतं

"यात कूट आहे का हो?"

शिरवळच्या कंपनीत कॅन्टीनची सगळी रांग खोळंबवून साक्षीनं विचारलं, तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, सातारा जिल्ह्यात राहून कूट चालत नाही? मग पाणी तरी चालतं का?"

रांग हसली. साक्षी फणकाऱ्यानं वळली. डोळ्यांनी आधी अन् ओठांनी मागून हसणारा तो पोरगा वाईकडचा, शिवतेज. नवीनच लागला होता.

"दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात माझे. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. बघायचंय?"

त्याचं हसू पार मावळलं. ताट उचलून तो थेट पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसला. तिथून ओरडला, "एवढं अंतर पुरे का?"

झालं! तिथंच पोरगी घसरली.

जन्मभर तिनं लग्नाच्या पंगतीत रिकामं ताट धरलं होतं आणि 'थेरं नुसती' हे ऐकून घेतलं होतं. हा पहिलाच, जो तिच्या आधी वाढप्याला विचारायचा. तिच्याजवळ बसण्याआधी खळखळून चुळा भरायचा.

"तुझ्यापायी दाण्याची चटणी सोडली," पाचगणीच्या धुक्यात तो कुरकुरला. "आमच्यात लोक गाव सोडतील, पण चटणी नाही."

"मग काय, ओवाळू तुला?"

"नको… नुसती जवळ सरक."

ती सरकली. जीवच लावून बसली म्हणा ना.

लग्नाची तारीख धरायला तो आईला, म्हणजे मंगलताईंना, घेऊन मिरजेला तिच्या घरी आला. मोठ्यांनी दोघांना गच्चीवर पिटाळलं. भुरभुर पाऊस होता.

"काय खाऊन आलास?" तिची नेहमीची चौकशी.

"आज संकष्टी. सकाळपासून काहीच नाही." तो जवळ आला. "भूक मात्र लय लागलीय…"

"चावट!" म्हणत तिनं डोळे मिटले.

आता तुम्हीच सांगा, उपासाच्या खिचडीला आपल्याकडं खाणं कोण म्हणतं? वाटेत कराडजवळ आईनं डबा उघडला होता. साबुदाणा, कुटात घोळलेला. उपासाला चालतो की! तो खोटं बोललाच नव्हता बिचारा.

तिचे ओठ चुणचुणले. जीभ जड झाली. "खरं सांग… काय खाल्लंस?"

"नुसती खिचडी—" तो म्हणाला आणि पांढराफटक पडला.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टरांनी घाईनं विचारलं, "दाण्याशी कुठं संबंध आला? नीट आठवा."

"नाही हो, चहासुद्धा घेतला नाही तिनं," तिचे बाबा रडकुंडीला आले होते.

"आवं, दाणा कुठला? आमच्या देखत हाय की ती," मंगलताई म्हणाल्या.

साक्षीनं शिवतेजकडं पाहिलं. बोल ना रे… त्यानं आईकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तोंडावरचा मास्क तिनंच ओढला. "यानं… दाणे खाल्लेत… आणि मला… ओठांवर—"

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. मंगलताईंनी पदर तोंडाला लावला. तिच्या मांडीत इंजेक्शन गेलं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला; आई दाराबाहेरच थांबली. डोळे सुजलेले. "चुकलो गं. घरात दाणा येऊ देणार नाही, देवाशपथ."

"खिचडीचा राग नाहीच रे. ती चूक कुणाकडूनही झाली असती."

"मग?"

"डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं."

"तुझे बाबा उभे होते, आई होती… कसं बोलणार? तुझीच अब्रू—"

"माझा जीव चालला होता, शिवतेज! अब्रू तू तुझी राखत होतास."

तो ढसाढसा रडला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"माहीत आहे. माझंही आहे, तेच तर मेलं सुटत नाही." तिचा घसा अजून दुखत होता. "पण उद्या तुझ्या घरात, चार माणसांत माझा श्वास अडकला तर? आत्ता आईला आत बोलाव आणि त्यांच्यासमोर म्हण, 'चूक माझी होती, मी गप्प राहिलो.' एवढंच."

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात दाराबाहेरून हाक आली, "शिवा, चल रं. उशीर व्हतोय."

त्यानं दाराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"आलो आई," म्हणाला आणि उठला.