चौथा खांदा

काय म्हणालास? नाही, पुन्हा म्हणू नकोस. पाय मुरगळलाय, कबूल. बाथरूमपर्यंत जायचंय, तेही कबूल. मग हात द्या म्हण, धरा म्हण, उचला म्हण. पण "कुणीतरी खांदा द्या रे" हे दिवे लागल्यावर तोंडातून काढायचं नाही. हसताय कशाला? ताई, तू ने त्याला आणि घेऊन ये. मग सांगतो.

आला? ठेव पाय उशीवर. हं.

मी जन्मभर टेम्पो चालवला, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरसामान हलवायचं काम. आमच्या टोळीत एक जण होता, त्याला आम्ही कपाट म्हणायचो. अंगाने कपाटच होता, आणि तोंडानेही. कायम बंद, उघडलं तर करकर. जिन्यावर ओझ्याच्या पुढे तोच असायचा. वळणावर फ्रीज अडकला की हा ओरडायचा, "चला रे, खांदा द्या!" की सगळे आपापला खांदा लावायचे. दिवसभर तेच. त्याची बायको म्हणायची, "भावजी, हे झोपेतसुद्धा खांदा मागतात. मी उशी देते."

एकदा असाच फ्रीज उतरवताना शेवटची पायरी चुकली. फ्रीजला ओरखडा नाही, पण याचा डावा पाय घोट्यात असा फिरला की संध्याकाळपर्यंत भोपळा झाला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आतले बंध फाटलेत. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही. कपाट म्हणाला, "मग ठेवू कुठे, डोक्यावर?" डॉक्टरांनी कुबडी दिली. तीही याच्या उंचीला आखूड.

आणि नेमके बायकोचे दिवस भरत आलेले. लग्नाला आठ वर्षं झाली होती रे, दोनदा आशा लागून तुटली होती. तिला काही झालं तर आपलं काय, हे एकच त्या माणसाच्या डोक्यात. ती जाते मावशीकडे, येते बाजारातून, हा आपला पलंगावर पडून जिन्यावरची तिची पावलं ऐकतोय.

नोव्हेंबरची नऊ तारीख, शनिवार. संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. कपाटाची बहीण तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. हाही निघाला होता, तर बायको म्हणाली, "तुम्ही आलात तर डॉक्टर आधी कुणाला बघतील? पडा गप."

रात्री अकराला दहा कमी असताना बहिणीचा फोन. "दादा, बाळाच्या कपड्यांची पिशवी पलंगावरच राहिली बघ. घाई नाही, सकाळी कुणाबरोबर तरी पाठव."

सकाळी कशाला? याला निमित्तच हवं होतं. पिशवी गळ्यात अडकवली, कुबडी घेतली, निघाला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट महिनाभर बंद. पण खाली उतरलं, फाटकातून उजवीकडे वळलं, की नाक्यावर रिक्षा मिळायची आणि तिथून दवाखाना पाच मिनिटांवर. कठडा धरून, लंगडी घालत, एकेक पायरी, हा दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. तिथे पुन्हा फोन वाजला.

बहीण रडत होती.

"दादा, पिशवी राहू दे. वहिनीला फार रक्त जातंय. इथे तिच्या गटाचं रक्त नाहीये. तुझं जुळतं ना? जसा असशील तसा ये रे."

घाईने पुढची पायरी घ्यायला गेला तर कुबडी निसटली. ठण, ठण, ठण करत तळमजल्यापर्यंत गेली. आणि जिन्यातला दिवा गेला.

अंधारात एका पायावर उभा. दुसरा टेकवला की डोळ्यांपुढे काजवे. शेजाऱ्यांना हाक मारायची, तर एकाचंही नाव जिभेवर येईना. माणूस घाबरला की रोजचं तेच बाहेर पडतं. हा ओरडला,

"चला रे! खांदा द्या!"

आवाज जिनाभर फिरून आला. मग शांत.

मग खालून... पावलं.

कुणीतरी वर येत होतं. घाई नाही, काही नाही. डाव्या काखेत एक खांदा आला. गार. हाडकुळा. पण उंचीला बरोब्बर. कपाटाच्या उंचीला पुरेल असा खांदा आमच्या अख्ख्या टोळीत नव्हता.

"देवासारखे आलात हो," कपाट म्हणाला. "बायको दवाखान्यात आहे. नाक्यापर्यंत सोडा फक्त."

उजव्या काखेत दुसरा खांदा आला.

"अहो, एक पुरे. नावाचाच कपाट आहे मी."

उजव्या मांडीखाली तिसरा. आणि मग डाव्या पायाखाली, दुखऱ्या घोट्याला धक्कासुद्धा न लावता, अगदी अलगद... चौथा.

उचलला त्याला. आडवा. तोंड वर.

आणि पाय दुखायचा थांबला. एकदम. तो सांगतो, त्या क्षणी इतकं बरं वाटलं की रडू आलं. चांगली माणसं भेटली, आता पोचतो, असंच वाटलं त्याला. जिना उतरेपर्यंत तसंच वाटत होतं.

मग त्याच्या लक्षात आलं. ओझं उचललेला माणूस धापा टाकतो रे. खाकरतो, शिव्या देतो, "डावीकडे घे" म्हणून बोंबलतो. आणि हे चौघं... श्वासाचा आवाज नाही. पावलं चौघांची, पण पडताना एकच.

फाटकाशी वॉचमन खुर्चीत पेंगत होता. कपाटाला वाटलं, आता हा ओळखेल, हाक मारेल. वॉचमनने मान वर केली. बघितलं. आणि सावकाश उठून उभा राहिला.

टोपी काढून.

फाटक ओलांडलं. चौघं डावीकडे वळले.

"अहो... उजवीकडे. दवाखाना उजवीकडे आहे."

चालतच राहिले.

"उजवीकडे हो!"

डावीकडे दुकान नाही, घर नाही. एक लांब भिंत, एक दिवा, आणि भिंत संपते तिथे... कळलं ना? सगळ्या गावाला ठाऊक असलेली जागा. तिथे माणूस असाच जातो, चौघांच्या खांद्यावरून, तोंड वर करून.

कपाटाने हात हलवायला बघितला. हलेना. खिशात फोन वाजायला लागला. बहीण. वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. त्याला कळत होतं की तिकडे बायको जातेय आणि इकडे आपण. ओरडायला तोंड उघडलं, तर घशातून वाराच आला.

दिवा मागे पडला.

भिंत संपत आली.

आता ऐका. आमच्या धंद्यात एक शब्द आहे. "टेकव!" पुढच्याने टेकव म्हटलं की ओझं खाली. का, कशाला, विचारायचं नाही, नाहीतर कुणाचं तरी बोट चिरडतं. ओझं वाहणाऱ्याच्या अंगातच तो शब्द मुरलेला असतो. डोळे मिटून असला तरी त्याचे गुडघे वाकतात. तो शब्द आजवर ओझ्याने कधी उच्चारला नव्हता.

कपाटाने उच्चारला. उरलासुरला सगळा जीव एकवटून.

"टेकव!"

थांबले.

चौघंही. जागच्या जागी. आणि हळूहळू... वाकले.

पाठीला रस्ता लागला. गार डांबर. कपाट हललाही नाही. कारण हात काढताना प्रत्येकाने "सोडला" म्हणायचं, हाही आमचा नियम. चौघांचं ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

डाव्या कानापाशी, अगदी जवळ.

"सोडला."

उजव्या कानापाशी.

"सोडला."

उजव्या पायाकडून.

"सोडला."

आणि मग...

काहीच नाही.

तो वाट बघत राहिला. फोन वाजत होता. चौथ्याचा आवाज येईना. शेवटी त्याला बायको आठवली आणि तो उठला. दात आवळले, डावा पाय टेकवला, सगळा भार टाकला, आता किंकाळी फुटणार म्हणून.

दुखलं नाही.

तो पळाला रे. फाटलेल्या बंधांच्या पायावर, गळ्यात पिशवी घेऊन, नाक्यापर्यंत पळत गेला. रिक्षा मिळाली. रक्त दिलं. पहाटे मुलगी झाली, आणि बायको वाचली. मी सकाळी गेलो तेव्हा हा तिच्या पायथ्याशी बसून लहान पोरासारखा रडत होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा घोटा बघितला, तर काळानिळा, होता तसाच सुजलेला. ते म्हणाले, "यावर तुम्ही पळत आलात? शक्यच नाही."

मलाही सांगायला त्याने वर्ष घेतलं. आणि मी विश्वास ठेवला नाही, हे तुम्हाला खरं सांगतो. थापा मारतोस म्हणालो. तेव्हा तो उठला आणि मला कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे घेऊन गेला. दुरुस्तीला टाकलेली स्वतःची जोडी मागितली. मुलीच्या बारशाला घेतलेली, वर्षभर रोज पायात असलेली.

शिवणाऱ्याने उजवी काढली. टाच झिजून भोक पडलेलं. नवा तळ लावावा लागेल, म्हणाला. मग डावी हातात घेतली आणि आम्हा दोघांच्या पायांकडे आळीपाळीने बघायला लागला.

"हिला काय करू, साहेब?"

मी म्हणालो, "कपाट, हा चौथा कोण आहे ते एकदा विचार तरी त्याला."

कपाटाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल," तो म्हणाला. "सोडला म्हणाला तर?"

मी डावी चप्पल घेऊन उलटी केली. तळाला माती नव्हती. दुकानातला आकड्याचा कागद तसाच चिकटलेला होता. नऊ नंबर. कोपरासुद्धा उचकटला नव्हता.