मनोऱ्यावरची दहा मिनिटं

उपांत्यपूर्व फेरीत चार गुणांनी हरल्यावर मुलींनी अर्धा तास डोळे पुसले आणि मग शहर बघायचं टुमणं लावलं. परतीची बस साडेपाचची होती. मॅडमना नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

मॅडम म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक. बावीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये त्या स्वतः खेळल्या होत्या, अंतिम सामना जिंकून गेल्या होत्या. त्यानंतर या शहराचं नाव निघालं की त्या काहीतरी सबब काढत. या वर्षी मात्र प्राचार्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

सामान आवरताना गुण लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमची धाकटी भारी गोड आहे हो. मनोऱ्यावर कधी जायचं, म्हणून नुसतं डोकं खाल्लं माझं."

"माझ्याबरोबर लहान कुणी नाही."

"असं? मग दुसऱ्या कुणाची असेल." बाई कागद जुळवू लागल्या. "पण ताई, ताई करत तुमच्याकडेच बोट दाखवत होती."

मॅडमनी चेंडूंची जाळी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. त्यांना ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं. चिमी, नऊ वर्षांची धाकटी बहीण. त्या वर्षी हट्ट करून मामाबरोबर सामना बघायला आली होती. संपला की मनोऱ्यावर नेईन, असं मॅडमनी तिला कबूल केलं होतं. पण जिंकल्यावर मैत्रिणींनी त्यांना खांद्यावर घेतलं, गावभर मिरवलं. चिमी हॉलच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत त्यांनी तिला मामाच्या गाडीत बसवून दिलं. चार महिन्यांनी तिला ताप आला. तो डोक्यात गेला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. दिलेल्या शब्दाबद्दल मॅडम कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. आईजवळसुद्धा नाही.

संग्रहालयात मुली जुन्या तोफांपुढे फोटो काढत बसल्या. दारावरचा रखवालदार मॅडमजवळ आला.

"कॉलेजच्या मुली त्या ह्याच ना? एक छोटी निरोप ठेवून गेलीय. म्हणाली, ताईला सांगा, मी मनोऱ्यापाशी आहे."

कुणीतरी चेष्टा करतंय म्हणावं, तर हे ठाऊक असणारं होतंच कोण?

मनोरा रस्त्यापलीकडेच होता. सात मजली, वर काचेची गच्ची. सकाळी पळून पळून मुलींच्या पायांत गोळे आले होते. त्यांनी खालच्या हिरवळीवर बैठक मारली. मॅडम एकट्याच तिकिटाच्या खिडकीशी गेल्या.

"आलात एकदाच्या!" तिकीटवाला म्हणाला. "जा, ती वर गेलीय."

त्या गेल्या नाहीत. पहिल्या पायरीपाशी कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. मुलींना घेऊन सरळ बस गाठावी, असंही मनात आलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या चढू लागल्या.

वर चिटपाखरू नव्हतं. काचेची चौकोनी गच्ची, मधे एक बाक, कोपऱ्यात झाडू. दुपारचं ऊन फरशीवर लख्ख पडलेलं.

फक्त रस्त्याकडच्या काचेवर, कमरेच्या उंचीला, श्वासाची वाफ धरली होती. तळहाताएवढी. विरत नव्हती.

मॅडम तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वाफेकडे बघायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी नजर लांब लावली. हॉलचं छप्पर, त्यामागे नदी.

"चिमे," त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं गं माझं."



त्या दहा मिनिटं थांबल्या. खालून मुलींनी हात हलवले, त्यांनीही हलवला. मग त्या उतरल्या.

बस शहराबाहेर पडली, तशी कॅप्टन शेजारी येऊन बसली. जरा चाचरली.

"मॅडम, रागावू नका. वर तुमच्याबरोबर ती छोटी कोण होती?"

मॅडमनी तिच्याकडे वळून बघितलं.

"आम्ही दोघींना हात केला. पण ती आमच्याकडे बघतच नव्हती," कॅप्टन म्हणाली. "सारखी तुमची बाही ओढत होती. तुम्ही तिच्याकडे एकदासुद्धा बघितलं नाहीत."