आधी स्पीकर की अ‍ॅम्प्लिफायर?

कानबाईची शपथ घेऊन मोठ्यानं सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात पडोत. दोनच आहेत, पण मला लाडके आहेत.

तर त्या दिवशी नंदुरबारात मिरचीचा असा वारा सुटला होता, की तारेवरचे कावळेसुद्धा शिंकत होते. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातली की आमच्याकडं हे असंच. त्या वाऱ्यातून शेअर रिक्षात बसून ममता घरी निघाली होती. मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर. वजन एवढं, की चढ आला की रिक्षाचं पुढचं चाक हवेत!

ममता म्हणजे जमनाबाईची धाकटी. ब्लाउज शिवायची. मशीन चालवून चालवून पायांना अशी खोड लागलेली, की मशीन बंद झालं तरी पाय सुरूच. जेवताना सुरू, रिक्षात सुरू. एका जागी म्हणून जीव ठरायचा नाही पोरीचा.

तिला शिंक आली. शेजारी बसलेल्या पोरालाही तेव्हाच आली. अ‍ॅम्प्लिफायर मांडीवरून निसटला... आणि दोघांनी एकदमच धरला. तिची बोटं खाली, त्याची वर.

"जपून," तो म्हणाला. "पडला तर वाजायचा नाही."

"न पडताच कुठं धड वाजतोय?" ममता फणकारली. "गाणं येतं नि जातं, येतं नि जातं. दुकानात शहाण्यासारखा वाजतो, मेकॅनिक म्हणतो बिघाड नाही. घरी आणला की रुसतो."

"घरी असं काय आहे?"

"मी आहे. दुसरं काय असणार?"

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "मग रुसायचं कारण काही दिसत नाही मला."

ममताचे कान पथारीवरच्या मिरचीसारखे झाले. पण पाय थांबले नाहीत हं.

त्याचं नाव भाग्येश. शेतकी कचेरीत कारकून, आणि गाण्यांचा नाद असा, की पगार झाला की आधी वायरी घ्यायचा, मग भाजी. उतरेपर्यंत ममतानं त्याला सगळं सांगून टाकलं. लग्नसराईच्या शिलाईतून तिनं थोडे पैसे साठवले होते. पण त्यात एकच वस्तू येणार. आधी काय बदलायचं? स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, की सीडी प्लेअर?

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?" भाग्येश म्हणाला. "रविवारी येतो."

आला. घर म्हणजे एक लांबट खोली. एक स्पीकर पुढच्या दाराशी, दुसरा पार मागं, चुलीकडच्या भिंतीला. मधोमध झोका. ममतानं बटण दाबलं आणि रोजच्यासारखी झोक्यावर बसली.

"ऐका, ऐका! आलं... गेलं... आलं... ऐकताय ना?"

भाग्येशनं पुढचा स्पीकर बघितला. मागचा बघितला. मग तिच्या पायांकडं बघत बसला – बराच वेळ. तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात जमनाबाईनं चहा आणला.

"वायर असेल कदाचित," तो कपात बघत म्हणाला. "पुढच्या रविवारी नवी आणतो."

नवी वायर आली, काही फरक नाही. मग त्यानं स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याचा आवाज असा घुमला, की शेजारच्या कौसाबाईचे खाटेवर घातलेले पापड उठून बसले! पण ममताचं गाणं? येतं नि जातं. मग तो आपले स्पीकर खांद्यावर घेऊन आला.

"तुमचं मत दर रविवारी बदलतं," ममता झोक्यावरून म्हणाली.

"मत नाही हो बदलत. हिंमत होत नाही."

"कसली?"

"...एवढा खर्च सांगायची."

आणि सोमवार ते शनिवार ममताचं काही खरं नव्हतं. बाह्या उलट्या जोडायची, हुकं पाठीला हवीत तर पोटाला लावायची. दारात सायकल वाजली की मशीन सोडून उठायची. दूधवाला असायचा.

वैशाखात भाग्येशच्या बदलीचा हुकूम आला. धडगाव. घाटाची वाट, जीपचा प्रवास, दर रविवारी कोण उतरून येणार? निरोप घ्यायला तो आला, तर जमनाबाई म्हणाली, "आते ते सांगी दे ना रे भो, काय लेवानं? पोर झोक्यावर झुरी ऱ्हायनी." आणि चहा ठेवायला गेली. चहाला त्या दिवशी तिनं बराच वेळ लावला.

ममताचा झोका असा चालला होता, की डोकं आढ्याला लागायचं बाकी.

"उद्या सकाळची जीप," भाग्येश म्हणाला.

"मग आज शेवटचं सांगा. आधी काय बदलू?"

"काहीच नको."

"काहीच नको म्हणजे?"

तो उठला. त्यानं झोक्याची कडी धरली. झोका थांबला... आणि गाणंही थांबलं – जागच्या जागी, दोघांच्या मधोमध. कुठं गेलं नाही, कुठनं आलं नाही.

"पुढं जाता तेव्हा पुढचा स्पीकर जवळ येतो," तो हळूच म्हणाला. "मागं येता तेव्हा मागचा. बिघाड कशातच नाही."

ममतानं मान वर केली. "हे... कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच रविवारी."

"आणि बोलला नाहीत? एवढे रविवार मला वेड्यात काढलं?"

"बोललो असतो, तर दुसरा रविवार कुठनं आणला असता?" आणि मग कचेरीतली मराठी गळून पडली त्याची. "ममता... तठे डोंगरमा माले करमाव नही. तुन्हाबिगर नही."

मिरचीचा वारा सुटला होता ना... दोघांच्याही डोळ्यांना धार लागली.

ममतानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि फळीवर जरा सरकली. "बठ."

तो बसला. अर्धा फळीवर, अर्धा अधांतरी.

"फळी बारकी शे," तो म्हणाला.

"मंग आधी तीच बदलू," ममता म्हणाली.

तेच केलं तिनं. ब्लाउजांच्या पैशातून सागाची रुंद फळी घेतली. लग्नानंतर ती फळी जीपच्या टपावर बसून घाट चढली. आज धडगावला तेच स्पीकर, तोच अ‍ॅम्प्लिफायर. गाणं अजूनही येतं नि जातं, कारण आता दोघंही झोका घेतात.

कावळे शिंकले, पापड उठून बसले, सगळं खरं. पण एक दात हलायला लागलाय, म्हणून सांगून टाकते. त्या निरोपाच्या दिवशी वारा नव्हता. पथाऱ्या कधीच उचलल्या होत्या, सगळ्या नंदुरबारात मिरचीचं बी उडत नव्हतं. दोघांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांचं होतं. मिरची तेवढी मी माझ्या पदरची घातली.